ठिपका जमिनीचा की काचेचा?

"आगं, हेळवाक कुठं गेलं?"

नानांनी टॅबलेट माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक भलाथोरला लाल गोळा होता. कोयनानगर त्याच्या पोटात, हेळवाक पोटात, धरणाची भिंतही पोटात. शिवसागर जलाशयाच्या निळ्या पाण्याची शेपटी तेवढी कडेला उरलेली. हा गोळा म्हणजे ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपाचा ठिपका होता, आणि तो मीच काढला होता.

मी पुण्यात आकडेवारीचे नकाशे आणि आलेख करते. कागदावरचे कमी, बोटांनी सरकवायचे आणि मोठे करून बघायचे जास्त. एका प्रदर्शनासाठी कोयना-वारणा पट्ट्यातल्या भूकंपांचा असा नकाशा हवा होता. भूकंपांच्या खुल्या याद्या मिळतात, त्या घेतल्या, प्रत्येक भूकंपाला एक ठिपका दिला, मोठ्या भूकंपाला मोठा. लॅपटॉपवर अख्खा महाराष्ट्र दिसेल एवढ्या आकारात तो देखणा दिसला. मग पाटणला गेले तेव्हा नानांच्या हातात दिला. नाना एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. १९६७ला चौदा वर्षांचे होते, आणि आमची वाडी हेळवाकच्या वरच्या अंगाला. त्यामुळे त्यांनी जे कुणीही करेल तेच केलं. दोन बोटं टेकवली आणि नकाशा फाकवत फाकवत घराकडे निघाले. मी मात्र अख्ख्या महिन्यात एकदाही तेवढ्या आत गेले नव्हते.

"एवढ्या जागेत हादरलं, असं म्हणायचंय का तुला?" त्यांनी विचारलं.

तसं मला म्हणायचं नव्हतं. पण नकाशा तसंच म्हणत होता. नाना बरोबर वाचत होते, लिहिण्यात माझी चूक झाली होती.

झालं होतं ते असं. संगणकाला वर्तुळ काढायला सांगताना त्याची त्रिज्या सांगावी लागते, आणि ती कशात मोजायची हेही. दोन मापं असतात. एक जमिनीचं, म्हणजे मीटर किंवा किलोमीटर. दुसरं काचेचं, म्हणजे पिक्सेल, पडद्यावरचे बारके चौकोनी कण. नकाशा स्थिर असेल तोवर दोन्हीत काही फरक दिसत नाही. बोटं फाकवली की दिसतो. मीटरमधलं वर्तुळ जमिनीला चिकटलेलं असतं, जमीन फुगली की तेही फुगतं. पिक्सेलमधलं वर्तुळ काचेला चिकटलेलं असतं, खालची जमीन कितीही फुगो, ते आहे तेवढंच राहतं.

वेबवरचे नकाशे करणाऱ्यांत 'लीफलेट' नावाचं एक फुकट साधन फार वापरलं जातं. व्होलोदिमिर अगाफोंकिन या युक्रेनियन प्रोग्रामरने ते २०११ साली आणलं. त्यात या दोन वर्तुळांना दोन नावं आहेत. 'सर्कल' मीटरमध्ये, 'सर्कलमार्कर' पिक्सेलमध्ये. मी घाईत सर्कल लिहून गेले होते. एका शब्दाचा फरक. तो लॅपटॉपवर दिसला नाही, पाटणच्या ओसरीवर दिसला.

हिशेब मांडून बघू, कारण त्यातच सगळी गोम आहे. असे नकाशे पायऱ्यापायऱ्यांनी मोठे होतात, आणि दर पायरीला सगळं दुप्पट होतं. शून्याव्या पायरीवर अख्खं जग २५६ पिक्सेलांच्या एका चौकोनात बसतं. सातव्या पायरीवर, म्हणजे अख्खा महाराष्ट्र दिसतो तिथे, कोयनेच्या अक्षांशावर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे ११७० मीटर. कोयना-वारणेचे बहुतेक भूकंप ज्या पट्ट्यात होतात तो साधारण २० बाय ३० किलोमीटरचा. म्हणजे या पायरीवर अख्खा पट्टा १७ बाय २६ पिक्सेलांचा, मसूरडाळीएवढा. आणि १९६७च्या भूकंपाचा माझा ठिपका २० पिक्सेल रुंदीचा! तो एकटाच पट्ट्याची रुंदी भरून बसला होता. जमिनीवर मोजला तर २३ किलोमीटरचा. नाना पाच पायऱ्या आत गेले. पाचदा दुप्पट म्हणजे बत्तीसपट. २० पिक्सेलांचे ६४० झाले, आणि टॅबलेटची रुंदी होती ८००. हेळवाक राहणार कुठे?

यातली खरी गंमत पुढे आहे. नकाशा मोठा करून माणूस बघतो ते गुंता सुटावा म्हणून. एकमेकांवर चढलेले ठिपके वेगळे व्हावेत म्हणून. पण ठिपके जमिनीइतकेच फुगत गेले तर लांबून जेवढे एकमेकांवर चढलेले होते तेवढेच जवळूनही चढलेले राहतात. कितीही आत जा, तोच गोंधळ, फक्त मोठा.

त्याच संध्याकाळी मी एक शब्द बदलला. सर्कलचं सर्कलमार्कर केलं आणि त्रिज्या मीटरऐवजी पिक्सेलांत दिली. आता ठिपके काचेचे झाले.

या वागण्याचं निसर्गातच एक सुंदर उदाहरण आहे. दुर्बिणीतून गुरू बघा आणि नेत्रिका बदलून मोठेपणा वाढवा. गुरूची थाळी मोठी होते, पट्टे दिसायला लागतात. मग दुर्बीण एखाद्या ताऱ्याकडे वळवा. पन्नासपट करा, दोनशेपट करा, तारा ठिपकाच राहतो. तो इतका लांब आहे की त्याची थाळी आपल्या दुर्बिणीला दिसतच नाही. पण दोन तारे चिकटल्यासारखे दिसत असतील तर मोठेपणा वाढवल्यावर त्यांच्यामधलं अंतर वाढतं आणि जोडी सुटते. ठिपका तेवढाच, अंतर वाढलेलं. विखुरलेल्या ठिपक्यांच्या कुठल्याही आलेखात आपल्याला नेमकं हेच हवं असतं. म्हणून बहुतेक साधनं मुळातच तशी बेतलेली असतात. 'मॅटप्लॉटलिब' ठिपक्याचं माप छपाईच्या पॉइंटांत घेतं, म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. (तेही पॉइंटांच्या वर्गात, म्हणजे क्षेत्रफळ. नव्या माणसाचं डोकं पहिल्यांदा तिथेच फिरतं.) 'प्लॉटली' पिक्सेल घेतं. 'बोके'मध्ये एकच 'सर्कल' दोन्ही कामं करायचं, कधी पडद्याचं माप घ्यायचं, कधी आकडेवारीचं. पुढे त्यांनी ते वेगळं केलं: पडद्याचं माप हवं तर 'स्कॅटर' वापरा, 'सर्कल'ला त्रिज्या द्या आणि ती आकडेवारीच्या मापात असेल. माझ्यासारखे घाईतले लोक जगात आणखी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

सकाळी नानांनी टॅबलेट पुन्हा घेतला. बोटं फाकवली. हेळवाक दिसलं, कोयनानगर दिसलं. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि काच पुसायला लागले.

"काय झालं?"

"कचरा पडलाय गं हितं."

तो कचरा म्हणजे तीन-साडेतीन रिश्टरचे भूकंप होते. ठिपके चार-चार पिक्सेलांचे. लांबून बघताना ते गर्दीत रंग भरत होते. आत गेल्यावर तोच पट्टा साडेपाचशे बाय आठशे पिक्सेलांचा झाला, आणि त्यावर हे कण इतके विरळ पसरले की धूळ वाटावी. म्हणजे काचेचा ठिपकाही पुरता बरोबर नव्हता. माणूस जवळ जातो तेव्हा वस्तू थोडी तरी मोठी दिसावी ही डोळ्याची अपेक्षा असते. ती मोडली की ठिपका नकाशाचा न वाटता काचेवरचा डाग वाटतो. मी दहा वर्षं हे काम करते, पण हे मला कोणी इतकं स्वच्छ दाखवलं नव्हतं. टॉवेलने.

यावर तोडगा मधला. ठिपका वाढू दे, पण जमिनीपेक्षा सावकाश.

तो कसा करायचा हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे, कारण गणित शाळेतलंच आहे. समजा नकाशा k पट मोठा केला. संगणकाच्या दृष्टीने सगळं चित्र एकाच कागदावर आहे आणि तो कागद k पट ताणला जातो, ठिपक्यांसकट. ठिपका तेवढाच ठेवायचा असेल तर ताणण्याआधी त्याची त्रिज्या k ने भागायची. ताणल्यावर गुणिले k, भागिले k, मूळ पदावर. आता पूर्ण k ने न भागता k च्या वर्गमुळाने भागलं तर? ताणल्यावर ठिपका वर्गमूळपट वाढलेला राहतो. नकाशा बत्तीसपट, ठिपका साधारण साडेपाचपट. माझ्या २० पिक्सेलांचे ११३ होतात. अजूनही जाडच. मग वर्गमुळाचंही वर्गमूळ घेतलं, म्हणजे k चा पाव घात. बत्तीसपटीला ठिपका जेमतेम २.४ पट. मोठा ठिपका २०चा ४८, आणि बारका ४चा साडेनऊ. साडेनऊ पिक्सेलांचा ठिपका कोणी टॉवेलने पुसायला जात नाही.

घात शून्य धरला की काचेचा ठिपका, एक धरला की जमिनीचा. मधली सगळी जागा आपली. रेडिओचं बटण फिरवावं तसा हा आकडा फिरवून बघायचा असतो. मी पाववर थांबले. दुसऱ्या नकाशाला तिसरा आकडा लागेल, याला नियम नाही. गर्दी जास्त तर घात कमी, ठिपके मोजकेच तर घात जास्त चालतो, एवढं सांगता येईल. शिवाय दोन्ही टोकांना कुंपण घालावं: कितीही बाहेर गेलं तरी ३ पिक्सेलांखाली नाही, कितीही आत गेलं तरी ५०च्या वर नाही. 'डेक' या साधनात तर मीटरमधल्या ठिपक्यांना असं किमान-कमाल पिक्सेलांचं कुंपण घालायची सोयच आहे.

वर्गमूळ इथे उगाच आलेलं नाही. कागदी नकाशे करणारे या प्रश्नाशी आपल्या कितीतरी आधी झगडले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५० हजारांत एक प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. त्यावर देवळाची खूण दोन मिलिमीटरची काढली तर जमिनीच्या हिशेबाने ते देऊळ शंभर मीटरचं झालं! एवढी देवळं कुठे असतात? पण खरोखर प्रमाणात काढलं तर ते दिसणार नाही. म्हणजे ती खूण जमिनीची नव्हेच, कागदाची आहे. फ्रीडरिश ट्योप्फर या जर्मन नकाशाकाराने १९६०च्या दशकात एक सूत्र मांडलं. प्रमाण चारपट लहान केलं तर नकाशावरच्या वस्तू चौथ्या हिश्श्यावर आणायच्या नाहीत, निम्म्या ठेवायच्या. चारचं वर्गमूळ दोन. नकाशा जितका आकसतो तितक्या खुणा कमी होत नाहीत, हे अनुभवी हातांना आधीच ठाऊक होतं. त्याने ते सूत्रात बांधलं.

भूकंपाच्या ठिपक्याला आणखी एक अडचण असते. ती झूमची नाही, पण झूमने उघडी पडते. ठिपका मुळात केवढा काढायचा? आपण ज्याला बोलताना रिश्टर म्हणतो तो आकडा एकने वाढला की ऊर्जा साधारण बत्तीसपट होते. म्हणजे ३ आणि १९६७चा ६.३ यांत फरक दुपटीचा नाही, ऊर्जेत जवळपास नव्वद हजारपट. मी एकदा प्रामाणिकपणाच्या उत्साहात ठिपक्याचं क्षेत्रफळ ऊर्जेच्या प्रमाणात ठेवून पाहिलं. त्रिज्या सुमारे तीनशेपट झाली. लहान भूकंपाला एक पिक्सेल त्रिज्या दिली तर १९६७ला तीनशे, आणि पडदा संपला. म्हणून आकडाच घेतला, ऊर्जा नाही. ३ला ४ पिक्सेल, ६.३ला २०. ही तडजोड आहे आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या सूचीत तसं लिहिलं आहे. साध्या आकड्यांना, म्हणजे लोकसंख्या, पाऊस, उसाचं टनेज यांना मात्र क्षेत्रफळच प्रमाणात ठेवावं, त्रिज्या नव्हे. दुप्पट आकड्याला दुप्पट त्रिज्या दिली की डोळ्यासमोर चौपट शाई येते. प्लॉटलीमध्ये मुद्दाम सांगितलं नाही तर आकडा व्यासालाच लागतो, तिथे सावध राहावं. आणि क्षेत्रफळ प्रमाणात ठेवलं तरी माणसं मोठं वर्तुळ असतं त्यापेक्षा लहानच समजतात. जेम्स फ्लॅनरी या अमेरिकन नकाशातज्ज्ञाने १९५०च्या दशकात ते तपासलं आणि त्रिज्येसाठी वर्गमुळाच्या ०.५ घाताऐवजी ०.५७ सुचवला. मी तो वापरत नाही. डोळ्याच्या चुकीला आपण चूक जोडायची हे मला पटत नाही, पण वापरणारे चांगले लोक आहेत.

प्रदर्शनात नकाशाशेजारी दुसरा आलेखही होता. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर रिश्टरचा आकडा. तिथे जमिनीचा ठिपका हा प्रकार किती हास्यास्पद होतो ते बघा. तिथे जमीनच नाही. त्रिज्या आडवी मोजायची तर वर्षांत आणि उभी मोजायची तर रिश्टरमध्ये. 'अर्ध्या वर्षाच्या त्रिज्येचा भूकंप' याला काही अर्थ आहे? आणि असे आलेख लोक बहुधा आडवेच ताणतात, कारण त्यांना एखादा डिसेंबर जवळून बघायचा असतो. सगळा कागद आडवा ताणला की गोल ठिपक्यांच्या काकड्या होतात. माझ्याही झाल्या होत्या, पण त्या मी पुण्यातच पाहिल्या. इथे ठिपके काचेचेच हवेत. याच आलेखात नानांनी आणखी एक चूक धरली. ठिपक्यावर तारीख १० डिसेंबर दिसत होती. "१० नव्हं, ११. पहाटं सव्वाचारला." परदेशी यादीतली वेळ ग्रीनिचची, १० डिसेंबर, रात्री १० वाजून ५१ मिनिटं. साडेपाच तास मिळवले की ४ वाजून २१ मिनिटं, दुसऱ्या दिवशीची पहाट. ज्यांनी त्या थंडीत पुढच्या रात्री अंगणात काढल्या, त्यांच्यासमोर १० तारीख दाखवायची म्हणजे कमालच.

काही गोष्टी भराभर सांगते. मोठे ठिपके आधी काढावेत आणि लहान त्यांच्यावर, नाहीतर लहान दिसतच नाहीत. रंग थोडा पारदर्शक ठेवला तर गर्दी गडद होते आणि गर्दी म्हणून दिसते. ठिपक्याची कडही नकाशाबरोबर जाड होऊ देऊ नये. आणि ठिपका दिसतो केवढा आणि बोटाला लागतो केवढा, ही दोन मापं वेगळी ठेवावीत. नानांचा अंगठा आयुष्यभर पाने-स्पॅनर धरलेला, चार पिक्सेलांवर तो नेम कसा धरणार? म्हणून प्रत्येक ठिपक्याभोवती न दिसणारं मोठं वर्तुळ ठेवलं, बोट त्याला लागलं तरी पुरे.

सूचीने मात्र एक दिवस खाल्ला. कोपऱ्यात 'एवढा ठिपका म्हणजे ४, एवढा म्हणजे ५' असं दाखवलेलं असतं. ठिपके झूमबरोबर वाढायला लागले की ही सूची खोटी होते. दहाव्या पायरीवरचा ४चा ठिपका सूचीतल्या ५सारखा दिसतो. तेव्हा सूचीलाही तोच पाव घात लावून दर पायरीला नव्याने काढायला लागलं. सावकाश वाढणाऱ्या ठिपक्याची ही किंमत आहे. ती द्यायची नसेल तर काचेचा ठिपका बरा.

सगळं जमल्यावर एक गोष्ट राहून राहून खुपत होती. भूकंपाचा केंद्रबिंदू आपण ठिपक्याने दाखवतो, पण जुन्या भूकंपांची जागा इतकी नेमकी ठाऊक नसते. तेव्हाची यंत्रं मोजकी आणि लांब लांब. जागा काही किलोमीटर इकडेतिकडे असू शकते. आत आत जाणाऱ्या माणसाला माझा नीटनेटका ठिपका सांगत होता की बरोब्बर या ओढ्यापाशी. तेवढं मला माहीत नव्हतं.

म्हणून १९६७च्या ठिपक्याभोवती एक बारीक तुटक रेघेचं कडं काढलं, पाच किलोमीटर त्रिज्येचं. आणि हे कडं मात्र मीटरमध्ये. पहिल्या दिवशी चुकून लिहिलेला तोच शब्द, सर्कल, आता मुद्दाम लिहिला. लांबून बघताना ते ठिपक्याखाली झाकलेलं असतं, त्याची त्रिज्या चार पिक्सेलांचीच असते. आत जाल तसं ठिपक्यातून बाहेर पडतं. बाराव्या पायरीवर त्याची त्रिज्या १३७ पिक्सेल होते, मध्ये ४८ पिक्सेलांचा ठिपका, आणि दोघांच्या मधली मोकळी जागा ही माझ्या अज्ञानाची जागा.

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी पुन्हा पाटणला गेले. नानांनी चष्मा लावला, बोटं टेकवली. कडं ठिपक्यातून बाहेर आलं तसे थांबले.

"हे काय नवीन?"

"यातच कुठेतरी झाला. नेमकं कुठे ते सांगता येत नाही."

ते काही बोलले नाहीत. आणखी आत गेले. तेरा, चौदा. हेळवाकचा रस्ता जाड झाला, वाडीकडे चढणारी वाट दिसायला लागली. ठिपका कडेला सरकत पडद्याबाहेर गेला. पंधराव्या पायरीवर कड्याची रेघही कुठे दिसेना. नुसती जमीन उरली.

"कडं गेलं की गं."

"गेलं नाही नाना. तुम्ही त्याच्या आत आहात."

"व्हय," म्हणाले, आणि नकाशा बोटाने सरकवत पाटणच्या डेपोकडे निघाले.